भिंतीपलीकडचं जातं

कवडू : वयनीले सांग दादा, पहाटेपासून जातं फिरवून राहिली. भिंतीच्या अलीकडं माहा डोळा लागत नाही.

केवळराम : जे बोलाचं ते उद्या गोंदियाले कोर्टात बोल. उद्याच फैसला आहे.

कवडू : आधी जातं बंद कर.

केवळराम : तुही वयनी माहेरी गेली. अन् जातं कुठं आहे माह्याकडं? पंचाइनं घर वाटलं तसं जातंबी वाटलं. वरचा दगड तुले, खालचा मले.

कवडू : मग हे काय घुमून राहिलं?

केवळराम : मले वाटे तूच दळतोस. मले चिडवाले.

कवडू : एका दगडानं कोणी दळते का?

केवळराम : तिकडं गाणंबी आयकू येते?

कवडू : येते.

केवळराम : आवाज कोणाचा?

कवडू : मागल्या पुसात जी गेली तिचा. आईचा. अन् रोज तुहंच नाव. माहं एकदाबी नाही. मेल्यावरबी ती तुहीच माय. म्हणून म्या दावा टाकला, विकून टाकाले हे घर.

केवळराम : कवडू, इकडं तुहंच नाव येते.

कवडू : खोटं बोलू नको.

केवळराम : त्याच रागानं म्या वकील केला. हे पाह्य, दगडावर हात ठेवून सांगतो... गरम आहे रे.

कवडू : माहाबी गरम आहे.

केवळराम : आठवते का? दळताना आई घरी असलेल्याचं नाव नोती घेत. बाहेर गेलेल्याचं घे, अजून न आलेल्याचं.

कवडू : हो. मी गिरणीतून येईपर्यंत माहंच नाव चाले म्हणत.

केवळराम : तुहा दगड घेऊन ये इकडं. दार उघडंच आहे.

(कवडू येतो. दगडावर दगड बसतो.)

कवडू : आता दोघंबी घरी आहो.

केवळराम : बस.

कवडू : दादा, थांबलं नाही.

केवळराम : आयकून राहिलो.

कवडू : आता कोणाचं नाव घेते?

केवळराम : तुलेबी आयकू येते. कायले इचारतोस?

कवडू : धुरपताचं. पण ती तर बिरसीले, सासरी. चांगली जिवंत.

केवळराम : नव्या कायद्यानं बहिणीलेबी हिस्सा लागे, म्हणून आपण दोघाइनंच तिले कोर्टात मेली म्हणून सांगतलं.

कवडू : बंडी जुंप, दादा. ती घरी येईपर्यंत आई काही जात्यावरून उठत नाही.