ट्रॅक्टर थोरल्याचा, कटर धाकट्याचा

नाव : माई. (दाखल्यावरचं नाव विचारलं, ते सांगितलं. पण त्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलेलं नाही, म्हणून माईच लिहावं अशी विनंती केली.)
वय : ५४ वर्षे.
व्यवसाय : शाळेच्या बसची चालक.
राहणार : कुरणाच्या कडेचं घर, रस्त्याकडची बाजू.

मला कोणी बोलावलेलं नाही. मी आपणहून पोलीस ठाण्यात आले असून समक्ष सांगते की, वरील पत्त्यावर मी माझ्या पतींसह राहते. आमच्या घरामागे कुरण आहे. कुरणाच्या पलीकडच्या टोकाला, तळ्याकाठी, माझे धाकटे दीर आणि जाऊ राहतात. दीर माझ्याशी नीट बोलतात. माझे पती धाकटीशी नीट बोलतात. ते दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. आम्हा दोघी जावांचं भांडण कधीच झालेलं नाही, पण नवऱ्यांचं असल्यामुळे ते आम्हालाही सांभाळावं लागतं.

भांडणाचं कारण विचारलं, म्हणून सांगते. सासरे गेल्यावर वाटणी झाली. घरं, कपाटं, भांडीकुंडी सगळं सुरळीत वाटलं गेलं. सासऱ्यांचा ट्रॅक्टर मात्र दोघांनाही हवा होता. तो माझ्याहून वयाने मोठा आहे आणि थंडीच्या दिवसांत माझ्याआधी सुरू होतो. शेवटी ट्रॅक्टर थोरल्याला आणि त्याच्यामागे जोडायचं गवत कापायचं कटर धाकट्याला, असं ठरलं. ही अक्कल कोणाची, ते आजवर कळलेलं नाही. ट्रॅक्टरशिवाय कटर म्हणजे नुसतं लोखंडी झाकण आणि त्याखाली दोन जड पाती. कटरशिवाय ट्रॅक्टर कुरणात फिरवला तर गवत फक्त आडवं पडतं. तेव्हापासून माझे पती दर रविवारी ट्रॅक्टर पुसतात आणि दीर दर रविवारी कटरला तेल देतात. गवत दोघांनाही जुमानत नाही.

माझ्या स्वयंपाकघराच्या दारापासून धाकटीच्या दारापर्यंत कुरणातून पायवाट होती. ती आम्ही दोघींनीच येऊन-जाऊन पाडलेली. यंदा गवत कमरेच्या वर गेलं आणि वाट बुजली. रस्त्याने जायचं तर लांबचा वळसा, आणि तो दोन्ही नवऱ्यांच्या नजरेसमोरून. मग आम्ही फोनवर बोलू लागलो. त्यात काही मजा नाही, कारण मध्येच कोणीतरी घरात येतं आणि 'राँग नंबर' म्हणून ठेवून द्यावा लागतो. मला धाकटीची फार आठवण येत होती, हेही लिहून घ्यावं.

काल दुपारी दोघे भाऊ आपापल्या कामांनी बाहेर गेले होते. धाकटीचा फोन आला. ती म्हणाली, "ताई, ट्रॅक्टर तुमच्याकडे, कटर आमच्याकडे. आपण दोघी काय हातावर हात ठेवून बसणार?" किल्ली कुठे असते ते मला ठाऊक होतं. त्यानंतर फार चर्चा झाली नाही.

मी ट्रॅक्टर रस्त्याने चालवत दिरांच्या शेडपर्यंत नेला. रोज बस मागे-पुढे करते, त्यामुळे मागे घेणं मला नवीन नाही. धाकटी शिवणकाम करते आणि स्वतःचं मशीन स्वतःच खोलते-जोडते. शिवाय भाऊजी रविवारी कटरला तेल देताना ती चहा घेऊन शेजारी उभी असते, त्यामुळे कुठली पिन कुठे, हे तिला पाठ होतं. पहिल्यांदा ट्रॅक्टर वीतभर बाजूला लागला. दुसऱ्यांदा फारच जवळ आला आणि धाकटी मला नाही नाही ते बोलली. तिसऱ्यांदा चपखल बसला. ट्रॅक्टरच्या मागे कटर उचलायला दोन लोखंडी हात असतात आणि वर एक दांडी. आम्ही आधी डावा हात अडकवला, मग उजवा. उजवा थोडा वर राहत होता, तो धाकटीने हँडल फिरवून खाली आणला. मग वरची दांडी. तिन्ही पिना बसल्या आणि क्लिपा लागल्या. हे आम्ही दोघींनी केलं, तिसरं कोणी तिथे नव्हतं.

शेवटी ट्रॅक्टरच्या इंजिनाने कटरची पाती फिरावीत म्हणून दोहोंच्या मध्ये शाफ्ट बसवायचा होता. तो तळहाताएवढा अपुरा पडत होता. धाकटीने ओढून लांब केला, तेव्हा बसला. इथे मध्ये आधी काहीतरी असणार, असं ती म्हणाली. मी म्हटलं, बसला ना, मग झालं. हे वाक्य माझं आहे, तिचं नाही.

कटर उत्तम चाललं. गवत झरझर खाली पडत होतं आणि ओल्या गवताचा वास सुटला होता. रस्त्याने परत येऊन आमच्या दारापासून सुरुवात केली आणि वाट जवळजवळ पूर्ण झाली. धाकटी तिच्या दारात उभी राहून हात हलवत होती. भाऊजींच्या भोपळ्याच्या वाफ्याचं कुंपण आलं, म्हणून मी क्लच दाबला. क्लच दाबला की चाकांचा इंजिनाशी संबंध सुटतो, यावर माझी सगळी नोकरी झालेली आहे. ट्रॅक्टर थांबला नाही. मी आणखी जोर लावला. ट्रॅक्टर त्याच चालीने पुढे. मग ब्रेक दाबला. त्या ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक वेगवेगळे आहेत आणि घाईत माझा पाय एकावरच पडला. ट्रॅक्टर डावीकडे वळला, कुंपणातून आणि वाफ्यातून गेला आणि तळ्यात तोंड घालून बंद पडला. मला कोणतीही इजा नाही. भोपळ्यांबद्दल तसं म्हणता येणार नाही.

धाकटी तशीच चपलांसकट पाण्यात शिरली आणि तिने मला घट्ट धरलं. मग आम्ही दोघी हसू लागलो, आणि बराच वेळ थांबता येईना. इतक्या दिवसांनी भेटलो होतो. नवऱ्यांना संध्याकाळी आपणच सांगायचं, असं ठरवून आपापल्या घरी गेलो.

माझे पती आले ते कोणाकडून तरी ऐकून थेट तळ्यावर गेले आणि लालबुंद होऊन परतले. मी तोंड उघडणार एवढ्यात ते म्हणाले, "पिना कशा बसवल्यात ते जाऊन बघ. इतकी साफ जोडणी त्याच्याशिवाय कोणाला जमायची नाही. माझ्या पाठीमागे ट्रॅक्टर पळवला त्याने." वाटणीनंतर त्यांच्या तोंडून भावाचं कौतुक मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि तेही आमच्या कामाचं. मला इतका राग आला की मी गप्प बसले. रात्रभरात उतरेल त्यांचं डोकं, असं वाटलं. सकाळी ते उठून इथे आले आणि सख्ख्या भावावर चोरीची तक्रार दिली. मी गप्प बसायला नको होतं.

भाऊजींना इथे बोलावल्याचं धाकटीने फोन करून कळवलं. त्यांनी दारात तिच्या ओल्या चपला पाहिल्या होत्या, काय ते ओळखलं होतं, आणि तिचं नाव येऊ नये म्हणून 'मला काही सांगायचं नाही' एवढंच ते सांगत होते. ती रडत होती. गुन्हा नोंदला गेला तर हे दोघे जन्मात एकमेकांचं तोंड बघणार नाहीत, आणि मग कुरणात वाट असली काय अन् नसली काय. मुलांना शाळेत सोडलं, बस तिथेच लावली आणि चालत इथे आले.

क्लच दाबूनही वाहन पुढे कसं जाईल, असं साहेबांनी मला विचारलं. दिराला वाचवायला खोटं तर बोलत नाही ना, असंही विचारलं. माझे पती बाकाच्या एका टोकाला आणि दीर दुसऱ्या टोकाला बसलेले होते. उत्तर भाऊजींनी दिलं. त्यांनी साहेबांना समजावलं की जुन्या ट्रॅक्टरमध्ये कटरची जड पाती एकदा गरगरू लागली की क्लच दाबला तरी तीच उलटी चाकांना ढकलतात. म्हणून मध्ये एक कपलिंग बसवतात, सायकलच्या फ्रीव्हीलसारखं. पायडल थांबलं तरी चाक आपलं फिरतं, तशी पाती नुसती फिरत राहतात आणि ट्रॅक्टर उभा राहतो. ते कपलिंग दादाच्या कपाटात आहे, असं ते शेवटी म्हणाले.

माझे पती समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "ट्रॅक्टरला लावलेलं होतं, ट्रॅक्टरबरोबर आलं. मागितलं असतं तर दिलं नसतं?"

"बोलला असतास तर मागितलं नसतं?" भाऊजी म्हणाले.

मग साहेबांनी माझ्या पतींना विचारलं की, तुमचा भाऊ कपलिंगशिवाय कटर जोडेल का.

"नाही साहेब," ते म्हणाले. "हा शाफ्टला हातसुद्धा लावणार नाही. बाबांनी स्वतः सांगितलं असतं तरी लावला नसता. हा नव्हता."

मग त्यांनी मला विचारलं, डावी पिन इतकी साफ तू बसवलीस का. मी म्हटलं, धाकटीने. त्यावर दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं. तक्रार चालवायची नाही, असं माझ्या पतींनी साहेबांना माझ्यासमोर सांगितलं.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. भोपळ्यांचा मजकूर गाळला तरी चालेल असं साहेब म्हणाले, तो मी ठेवायला सांगितला. बाकी सगळं माझ्याच सांगण्याप्रमाणे उतरवलेलं आहे आणि खरं आहे. वाचून दाखवताना माझे पती आणि दीर हजर नव्हते. ट्रॅक्टर तळ्यातून काढायला दोघे एकाच स्कूटरवर बसून निघून गेले. मी इथे बसले आहे, हे दोघांच्याही लक्षात राहिलं नाही. त्याबद्दल माझी कोणाविरुद्ध काहीही तक्रार नाही.