लेकीची झडती

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे डॉक्टर आणि पाहुणे मंडळी, आज ज्यांना निरोप द्यायचा आहे त्या आपल्या समुपदेशक ताई, आणि समोर बसलेल्या सगळ्या आया आणि आयांच्या आया!

मला दोन शब्द बोला म्हणाले, तेव्हा मनात पहिलं काय आलं सांगू? हे लोक माझ्या तोंडून काय वदवून घेणार आहेत? रागावू नका. धंद्याचा दोष आहे. एकतीस वर्षं मी घड्याळांच्या कारखान्याच्या फाटकावर कामावरून सुटणाऱ्या बायकांची झडती घेतली. अंबाड्यातून, डब्याच्या झाकणातून, एकदा तर चपलेच्या तळातून सुटे भाग काढलेत. कुणी ‘माझ्याजवळ काही नाही हो’ म्हणालं, की माझा हात आधी तिच्याच कमरेकडे जायचा.

अशा बाईच्या पोटची लेक गोळ्यांच्या नादी लागली आणि बाईला सात महिने पत्ता नव्हता! तिच्या परवानगीनेच बोलते आहे. बाळंतपणात तिचं ऑपरेशन झालं, दुखू नये म्हणून अफूच्या जातीच्या गोळ्या दिल्या. दुखणं थांबलं, गोळ्या थांबल्या नाहीत. जावई कंटाळून निघून गेला. एका दुपारी मी माझ्याजवळच्या किल्लीने दार उघडलं, तर नात पाळण्यात रडून रडून घोगरी झालेली, आणि तिची आई दोन हातांच्या अंतरावर भिंतीला टेकून बसलेली. झोपली नव्हती. टक्क जागी होती.

“अगं, पोर रडतंय!”

“ऐकू येतंय गं आई,” ती म्हणाली, “पण आत काही होत नाही.”

आईच्या तोंडी हे वाक्य? मी नातीला उचललं आणि माझ्या घरी आणलं. पुढे लेकही राहायला आली, पण पोर माझ्या ताब्यात राहील, अशी लेखी अट मी घातली.

मग हे व्यसनमुक्ती केंद्र. रोज सकाळी इथे येऊन औषध घ्यायचं. मी म्हटलं, एक गोळी सोडवायला दुसरी? वा! आणि दर मंगळवारी ताईंचा वर्ग. आई आणि मूल सतरंजीवर खेळणार, कोपऱ्यातला कॅमेरा टिपणार, मग ताई ते चित्रण थांबवत थांबवत दाखवणार. “इथे बघ, तिने तुझ्याकडे पाहिलं. तू कुठे पाहत होतीस?” माझी लेक खिडकीकडे पाहत होती. खेळायचं कसं हेही शिकवावं लागतं का? मला कुणी शिकवलं होतं?

ताईंनी मला कागदावर मेंदू काढून दाखवला. बटाट्यासारखा दिसत होता. म्हणाल्या, “आजी, लेकराच्या रडण्याने आईच्या आत जे हलतं, ते या गोळ्यांनी मंद पडतं. ती दुष्ट नाही. सरावाने ते पुन्हा जागं होऊ शकतं.” व्यासपीठावरच्या डॉक्टरसाहेबांनी तर तिला यंत्रात झोपवून तिच्याच पोरीचं रडणं ऐकवलं, मेंदूची चित्रं काढली. काही महिन्यांनी पुन्हा काढली. दुसऱ्यात रंग जास्त होता. मी म्हटलं, रंग काय, कुणीही भरेल! साहेब बिचारे प्रामाणिक, म्हणाले, “बायका थोड्या आहेत, अभ्यास नवा आहे, ठाम काही सांगत नाही.” तेव्हा मला त्यांचा पहिल्यांदा थोडा भरवसा वाटला.

आता जे सांगते, त्याची मला लाज वाटते. माझ्या गुडघेदुखीवर तसल्याच जोराच्या गोळ्या दिल्या होत्या. मी त्या शिवणयंत्राच्या खणात, रिळांखाली लपवल्या. एका मंगळवारी पाहते तर पाकीट गायब! तशीच लंगडत इथे आले, वर्गात घुसले आणि सगळ्यांदेखत ओरडले, “पिशवी उघड!”

तिने उघडली. काही नव्हतं.

“उभी राहा.”

ती उभी राहिली आणि तिने दोन्ही हात वर केले. कारखान्यातल्या बायका करायच्या ना, अगदी तसे. सतरंजीवरच्या नातीला वाटलं खेळच आहे. तिनेही दोन्ही हात वर केले आणि खुदकन हसली.

ताई उठल्या, कुलपाचं कपाट उघडलं आणि पाकीट माझ्यापुढे ठेवलं. लेकीनेच सकाळी जमा केलं होतं.

“तीन दिवस मला माहीत होतं कुठे आहेत,” लेक म्हणाली. “शिवणयंत्रापुढून जाताना मी मान फिरवायचे. आज मान फिरली नसती, म्हणून घेऊन आले.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“तू ऐकून घेतलं असतंस?”

यावर मी काय केलं असेल? पाकीट उघडून गोळ्या मोजल्या. दहाच्या दहा होत्या. ताई म्हणाल्या, “मोजा आजी, पुन्हा मोजा. पण यापुढे संशय आला तर तिला विचारा, तिच्या पिशवीला नको.”

त्या दिवशी मला वर्गातच बसवून घेतलं. सवयीने मी लेकीच्या हातांवर नजर ठेवून होते. नातीच्या हातातला ठोकळा निसटला, तिचा ओठ वाकडा झाला. रडं अजून फुटलंही नव्हतं, आणि माझ्या लेकीचा हात निघालेला होता! मी तोंडाचं कधी मानलं नाही, यंत्राच्या रंगाचंही नाही. पण हात मला कळतात. एकतीस वर्षं दुसरं पाहिलंय काय?

म्हणून सगळं गोड झालं, असं मी म्हणणार नाही. ती न्हाणीघरात जास्त वेळ राहिली की अजूनही मी दाराशी घुटमळते. फरक इतकाच, की आता हाक मारते. तीही आतून चिडून ओ देते. हे ताईंचं देणं. ताई, तुम्ही निवृत्त होताय, आणि तुमच्या जागी येणाऱ्या बाईंकडे मी मघापासून संशयाने बघते आहे. त्यांनी सांभाळून घ्यावं.

ताईंचे, डॉक्टरांचे, सतरंज्या झटकणाऱ्या मावशींचे आभार. माझ्या जिभेला हाड नाही. काही लागलं असेल तर मोठ्या मनाने सोडून द्या. आणि मी चहाला थांबत नाही, त्याबद्दलही क्षमा असावी. नात आज पहिल्यांदाच तिच्या आईजवळ एकटी आहे. मला निघून दोन तास झाले, आणि मी अजून एकदाही फोन केलेला नाही.