मोकळ्या वेळा

(रुग्णालयातली डोळे तपासायची खोली, दुपार. डॉक्टर ताई आणि रुग्णालयाने रांगा कमी करायला नेमलेला तिचा धाकटा भाऊ.)

ताई : तुझा तो आलेख आधी माझ्या टेबलावरून उचल.

भाऊ : का? थांबण्याचा वेळ निम्म्यावर आलाय. बाहेर बघ, बाकं रिकामी आहेत.

ताई : आहेत कसली, तू केलीस. सोमवारी एक शिंपी आला होता. डोळ्यापुढे एका बाजूनं सावली चढतेय म्हणाला. नोंदणीच्या खिडकीवरच्या बाईनं तुझ्या नव्या नियमानं विचारलं, वेळ घेतलीय? नाही? मग गुरुवारी या.

भाऊ : मग?

ताई : आज गुरुवार. डोळ्याच्या आतला पडदा पार सुटलाय. उजवा डोळा गेला त्याचा. आणि तुझ्या गणितात तो थांबला किती? आल्या आल्या आत आला, म्हणजे थांबलाच नाही! रांग कमी नाही केलीस रे, फाटकाबाहेर नेऊन ठेवलीस.

भाऊ : खिडकीवर नर्स बसवा, तातडीचं तिला कळेल, हे मी कितीदा सांगितलं.

ताई : सांगायला काय जातं! ‘रुग्णांचा प्रवाह’ म्हणे. माणसं आहेत ती, नळाचं पाणी नव्हे.

भाऊ : तू सगळ्यांना आठला बोलावून दहाला उगवायचीस, तेव्हाही माणसंच होती.

ताई : ऑपरेशन उरकून यायचे मी. झोपा काढून नाही.

भाऊ : मग आठला कशाला बोलवायचं? तुझी खुर्ची क्षणभर मोकळी राहू नये म्हणून! म्हाताऱ्या उपाशीपोटी ताटकळून न दाखवताच घरी जायच्या. त्यांचे डोळे गेले नसतील? तुला कळलं नाही, कारण त्या तुझ्यापर्यंत पोचल्याच नाहीत.

ताई : मला अक्कल शिकवू नकोस.

भाऊ : दर तासाला दोन वेळा मोकळ्या ठेवल्या होत्या मी. असंच कुणी अचानक आलं तर म्हणून. त्या कुणी भरल्या?

ताई : (आलेख उचलून त्याच्या हातात देते.)

भाऊ : बोल ना. ‘नुसती बसले तर लोक म्हणतील, डॉक्टरला काम नाही.’ कोण म्हणालं होतं?

ताई : आणि तू नंदीबैलासारखी मान डोलावलीस! तेव्हा का नाही भांडलास?

भाऊ : तुझ्याशी? लहानपणापासून कधी जिंकलोय?

सिस्टर : (दारातून) मॅडम, ते शिंपीकाका निघालेत. दुसऱ्या डोळ्याला तसंच वाटलं तर कुठल्या वारी येऊ, विचारतायत.

ताई : वारबीर काही नाही, सिस्टर. वाटलं की त्याच पावली यायचं. खिडकीवर तसं सांगून ठेवा.

सिस्टर : बरं, मॅडम.

भाऊ : म्हणजे त्या वेळा परत मोकळ्या…

ताई : कर. आणि तोंड वर करून बघू नकोस माझ्याकडे.

भाऊ : ताई, कितीतरी दिवस कुणीच येणार नाही त्या वेळेला. नुसती बसून राहशील.

ताई : बसेन.