दर्याकाठची माझ्या नावची जागा

काय सांगू बाई तुमाला, मी मूळची मिरजगावकडची. बापाला मी एकलीच, भाऊ न्हाई, बहीन न्हाई, म्हनून बापानं मरायच्या आधी सडकेला लागून हुती ती जागा, थोडीच हुती, पर माझ्या नावावर केली. म्हनला, सासरी सगळं त्येंचं असतंय, एवढं एक तुझं राहू दे. तिथं पीक न्हाई, पानी न्हाई, नुसता मुरूम आन् बाभळी, पर उताऱ्यावर नाव माझं. मग लगीन होऊन घोडेगावला आले. मालक जनावरांचे व्यापारी. आमचा बाजार लई मोठा, आन् तिथं मोठा सौदा त्वांडानं हुत न्हाई. दोघांनी रुमालाखाली हात घालायचा, बोटं दाबायची, मान हलवायची, काय ठरलं ते त्या दोघांनाच म्हाईत. तिसऱ्यानं रुमालाला हात लावायचा न्हाई, बाईमानसानं तर तिकडं फिरकायचंबी न्हाई. मी तर बोलायलाच भ्यायची. पाव्हनं आलं की चुलीपुढनं उठायची न्हाई.

आमची लेक सुनंदा नर्स झाली आन् नोकरी लागली थेट कोकनात, समुद्राच्या कडंला. दिवाळीला आली तवा म्हनली, आई, माझ्या घरमालकाकडं पुन्याचा एक साहेब खोली घेऊन राहिलाय, हापिसात जात न्हाई, खोलीतच बसून काम करतोय. मालक म्हनले, काढून टाकला असंल त्याला. ती बापाला म्हनली, न्हाई हो दादा, काम्पुटर हाय त्याच्याजवळ, टेलिफोनच्या तारेतनं काम पुन्याला जातंय. असे आनखी लोक येनार म्हनतोय, पर ऱ्हायाला धड खोल्या न्हाईत. आपन तिथं जागा घेऊन दोन खोल्या बांधू. मालक लई हसले. पर त्येंच्या डोक्यात शिरलं ते शिरलं. दोन दिसांनी मला म्हनले, तुझी सडकेची जागा इकायची, गिऱ्हाईक तयार हाय. मला इचारलं न्हाई बाई, सांगितलं. तेवढंच एक माझं. पर त्वांड उघडलं न्हाई मी.

मग आमी दोघं जागा बघायला कोकनात गेलो. घाटात मला अशी मळमळ सुटली की लुगडं खराब झालं, पार अंधार पडल्यावर पोचलो, नुसता आवाज ऐकला, गर्र गर्र, मला वाटलं गिरनी चालू हाय. सकाळी दार उघडलं आन् काय सांगू! आमच्याकडं पानी म्हंजी हंड्यात मावतंय तेवढं. टँकर आला की बाया एकमेकींच्या झिंज्या धरतेत. आन् हितं हे कुनी ओतलं, कुठवर ओतलं, कडाच दिसंना. मी हात जोडले. मालकांनीबी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

सुनंदाचे घरमालक रघुनाथकाका भले मानूस. त्येंनी वरच्या अंगाची जागा दाखवली, चार माड, भवतीनं चिऱ्याच्या दगडांचा गडगा, लाल माती. खाली पानी लांब मागं गेलं हुतं आन् मधी सपाट, हिरवी, भुसभुशीत जमीन. मालक म्हनले, ती खालची कुनाची? काका म्हनले, माझीच, पण ती घेऊ नका, उधाणाला तिथं पानी येतं. झालं! पानी येतंय म्हनल्यावर मालकांचे डोळे असे चमकले. आमच्याकडं कॅनॉलला लागून ज्याची जमीन असंल लोक त्याच्या दारात लेकीच्या सोयरिकी घेऊन जातेत. मला बाजूला घेऊन म्हनले, याला वळखलं मी. चांगलं जनावर व्यापारी मागं बांधतोय आन् मरतुकडं म्होरं आनतोय. घेईन तर खालचीच.

मी लुगडं धुतलं आन् त्या खालच्या जागंतल्या झुडपावर वाळत घातलं. मग साहेबाच्या खोलीकडं गेले, दारातच उभी राहिले. त्याच्या काम्पुटरशेजारच्या डब्यातनं बकरी वरडावी तसा आवाज निघाला. तो म्हनला, या की मावशी, घाबरू नका, हे तारेतनं पुन्याच्या मशीनला हाक मारतंय. मी म्हनलं, आन् ते ओ देतंय? म्हनला, देतंय, पर कधी कधी तुमच्या जावयासारखं रुसतंय. मी म्हनलं, जावई न्हाई आजून. लई हसला. समोर खिडकीत एवढा दर्या, आन् हा मानूस तिथनं पुन्यात काम करतोय. बाई, मला देवाचं दर्शन झाल्यागत झालं. वाटलं, मानसाला बसल्या जागी पोट भरता येतंय, तर त्यानं असल्याच जागी बसावं.

दुपार कलली तवा लुगडं आनायला गेले. जमीनच न्हाई! सकाळी मी चालले तिथं पानी, झुडपाचा शेंडा तेवढा वर, आन् माझं लुगडं लाटंवर वर-खाली. तशीच पळत माघारी आले. वट्यावर बघते तर मालकांनी खालच्या जागंसाठी रुमाल पसरलाय आन् काकांचा हात आत ओढलाय. काका म्हनत्यात, अहो पाव्हणे, बोटं कसली मोडता, आकडा तोंडानं सांगा की! मालक डोळे मिटून, मान हलवायच्या बेतात. मला काय झालं काय म्हाईत, मी जाऊन तो रुमालच उचलला.

मालक वरडले, अक्कल हाय का तुला, रुमाल उचलती? मी म्हनलं, आधी माझं लुगडं आनून द्या. तुमच्या जमिनीवर वाळत घातलंय.

मालकच गेले. मांडीएवढ्या पान्यात शिरले, लुगडं घेऊन आले, धोतर चिंब. काका म्हनले, मी सकाळपासनं हेच सांगतोय, पण घाटावरच्या माणसाला पाणी येतं म्हणजे वरदान वाटतं, त्याला मी काय करू? मालक धोतराचा सोगा पिळत बसले. मग म्हनले, वरचीच घ्यावी का गं? लगीन झाल्यापास्नं पहिल्यांदा इचारलं. आन् मी म्हनलं, घ्या. पर उताऱ्यावर नाव माझं लागंल, न्हाईतर मिरजगावच्या कागदावर अंगठा देनार न्हाई. माझाच आवाज मला वळखू येईना.

तसंच झालं. दोन खोल्या बांधल्या, टेलिफोन घेतला. एका पावसाळ्यात कौलं उडाली, चार महिनं कुनी आलं न्हाई, तवा भावकी म्हनली, बसा आता मासं धरत. मिरजगावच्या माझ्या जागंवर आता ढाबा झालाय, यष्टीतनं दिसतो, दिसंनासा होईस्तवर मी मान वळवून बघते, खोटं कशाला बोलू. पर आता येतेत लोक. सध्या एक पोरगी हाय, एकलीच, काम्पुटरवर कसलीशी पुस्तकं लिहिती. मागल्या महिन्यात मी तिथं गेल्ते तर हातोडी घिऊन दारात उभी. म्हनली, मावशी, घर तुमचं आहे म्हणून विचारते, भिंतीला एक खिळा मारू का?

घर तुमचं हाय म्हनली. बापानंतर असं म्हननारी हीच पहिली. म्हनलं, मार बाई, एक कशाला, लागतील तेवढे मार, आन् सुखानं ऱ्हा.