येझदीचा कॅम आणि पोपटरावांचं माप

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आदरणीय भगवंतराव. व्यासपीठावरील संचालक मंडळी. ज्यांच्यासाठी आपण जमलो ते सत्कारमूर्ती पोपटराव भालेराव आणि यशोधरावहिनी. वर्कशॉपमधले कामगार बंधू, आणि महाळुंगे पडवळहून खास जीप करून आलेली मंडळी, आपणा सर्वांना नमस्कार.

मी सोपान. मंचरला माझं मोटरसायकलचं गॅरेज आहे. कारखान्याशी माझा संबंध नाही, आमच्या रानात ऊससुद्धा नाही. पण पोपटरावांचा लोखंड कातायचा लेथ माझ्या गॅरेजला लागून होता. पंधरा वर्षं मध्ये फक्त एक पत्र्याची भिंत. म्हणून जुना शेजारी या नात्यानं मला दोन शब्द बोलायला सांगितलंय.

आधीच्या वक्त्यांनी फार सुंदर कौतुक केलं. एक वाक्य मात्र तिघांनीही म्हटलं, "पोपटरावांनी स्वतःचा लेथ विकून इथं नोकरी धरली, हे कारखान्याचं भाग्य." टाळ्या झाल्या. मी नाही वाजवल्या. चालता धंदा माणूस उगाच विकतो का हो?

शहाण्णव साली येझदी मोटरसायकल निघायची बंद झाली. गाड्या मात्र आपल्याकडे गावोगाव. तालुक्यात मला 'येझदीवाला सोपान' म्हणायचे, आणि नाव झालं की माणूस फुगतो, तसा मीही फुगलो. पुण्याला नाना पेठेत पार्ट मागितला की दुकानदार म्हणायचा, "पाहुणे, गाडी विका आणि बैल घ्या." जुन्या बाजारात बुधवारी, रविवारी बसून मी लोखंडाचे ढीग उपसलेत. मिळालं तर मिळालं. पण 'नाही मिळालं' हे गिऱ्हाइकाला सांगायला माझी जीभ रेटत नसे.

सत्त्याण्णव साली माझं जुनं गिऱ्हाईक गोरखभाऊ, त्यांच्या येझदीच्या मागच्या ब्रेकचा कॅम घासला. कॅम म्हणजे चाकाच्या आतला बोटाएवढा तुकडा. ब्रेक दाबला की तो फिरतो, ब्रेकचे दोन्ही शू फाकवतो आणि चाक थांबतं. घासून बारीक झाला की तो गरजेपेक्षा जास्त फिरतो, आणि एखाद्या वेळी उलटा पडून अडकतो. मला नवा मिळाला नाही. मी जुनाच साफ करून बसवला आणि गोरखभाऊंना सांगितलं, "नवा टाकलाय."

दोन वर्षांनी त्याच कॅमच्या टोकाचे, ब्रेकची दांडी ज्यांवर बसते ते दाते गेले. गोरखभाऊंना बरोबर घेऊनच मी लेथवर गेलो. "पोपट, ह्याच्यासारखा एक कर." तेव्हा मी त्यांना अरेतुरे करायचो. वयानं ते मोठे, तरी करायचो.

लेथवाल्याची एक रीत असते. नमुना हातात आला की तो आधी विचारतो, किती चाललाय? कारण जुना तुकडा आहे तसा उतरवला तर त्याची झीजही उतरते. घासला असेल तेवढं माप वाढवून धरावं लागतं. पोपटरावांनी विचारलं, "सोपानभाऊ, किती चाललाय ह्यो?" शेजारी गोरखभाऊ उभे. खरं सांगावं तर माझं खोटं तिथंच उघडं पडणार. मी म्हणालो, "दोन वर्सं. मीच नवा टाकला व्हता."

"मंग घासलेला न्हाई म्हणायचा. दाते नवे पाडतो, बाकी जसाच्या तसा करतो." आणि केला. केसाचा फरक नाही. जन्मतःच म्हातारा कॅम.

पुढच्या संकष्टीला गोरखभाऊ आणि जयावहिनी ओझरला निघाले. वाटेत उसाची बैलगाडी आडवी आली. ब्रेक दाबला, कॅम उलटला, चाक जाम झालं आणि गाडी घसरत गेली. जयावहिनींचा गुडघा कायमचा गेला. दोघंही आज तिसऱ्या रांगेत बसलेत. मीच हट्टानं आणलंय त्यांना, कशासाठी ते न सांगता.

गावभर झालं, लेथवाल्यानं माप चुकवलं. काही जण पुढेही बोलले, "असल्यांच्या हातचं काम घ्यायचंच कशाला?" असल्यांच्या म्हणजे कुणाच्या, हे पोपटरावांच्या बौद्धवाड्यातून आलेल्या मंडळींना मी सांगायला नको. मी तिथं उभा होतो आणि गप्प होतो.

आठवड्यानं पोपटराव गॅरेजात आले. दुसऱ्या येझदीचा चांगला कॅम आणि माझा नमुना, दोन्ही माझ्यासमोर ठेवले. "सोपानभाऊ, तुमचा नमुना दोन वर्सांचा न्हाई. धा-बारा वर्सं चाललाय त्यो." मी म्हणालो, "तुझंच माप चुकलं आसंल." त्यांनी माझ्याकडे बघितलं, दोन्ही कॅम उचलले आणि गेले. चारचौघांत त्यांनी माझं नाव कधीच घेतलं नाही. घेतलं असतं तरी कुणी ऐकलं असतं का? लेथवर काम येईना. दिवाळीच्या आत त्यांनी मशीन विकली. यशोधरावहिनी, मशीन टेंपोत चढवताना मी हात लावायला आलो होतो. लाज नावाची वस्तूही त्या साली बाजारात मिळत नसावी.

तर अध्यक्षमहाराज, कारखान्याचं भाग्य उजळलं ते हे असं.

पोपटराव, माप तुमचं बरोबर होतं. नमुना खोटा होता आणि तो मी दिला होता. हे बोलायला मला नऊ वर्षं लागली. रोज ठरवायचो आणि रोज घाबरायचो.

गोरखभाऊ, नऊ वर्षं तुम्ही यांना बघून मान फिरवलीत. ती माझ्याकडे बघून फिरवायची होती. जयावहिनी, तुमचा गुडघा माझ्या खोट्यानं गेला.

तालुक्यातल्या मेकॅनिकांच्या वतीनं हा हार मी पोपटरावांना घालावा, असं पत्रिकेत छापलंय. मला तो घालायचा अधिकार नाही. मी तो या टेबलावर ठेवतो. जयावहिनी, तुम्हाला वाटलं तर तुम्ही घाला. पायऱ्या चढायला लागू नयेत म्हणून पोपटराव खाली येतील. नाही वाटलं, तर राहू द्या.

आयोजकांनी पाच मिनिटं दिली होती, मी जास्त घेतली. त्यांचे मनापासून आभार. बोलण्यात एखादा शब्द इकडचा तिकडे झाला असेल तर सभेनं पोटात घालावा. कॅमचं मात्र पोटात घालू नका. बाहेर कुणी विचारलं की कुणाची चूक होती, तर माझं नाव सांगा.

पोपटराव, जय भीम.