एका वडीवर बावीस दाढ्या

नीलम : परत कशाला पाठवताय त्याला, आप्पा? हा राजकुमार, बसस्टँडजवळ सलून आहे त्याचं. तुमच्या लेकानं, प्रेमानंदनं, मुद्दाम बोलावलंय.

भीमसेन : परत कुठं पाठवतोय? बस म्हटलं की. चहा पी, बिस्किट खा, मग जा.

नीलम : सकाळपासून आरशात बघितलंत का? उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून डाव्या हातानं कोरडीच दाढी करायला गेलात. टॉवेल रक्तानं माखलाय. नऊ दिवसांचे खुंट, हनुवटीवर कापूस. या अवतारात नातीच्या साखरपुड्याला येणार?

भीमसेन : येत न्हाय. मी घर राखतो. चोर आला तर माझं तोंड बघूनच पळंल.

नीलम : आरोहीनं स्पष्ट सांगितलंय. आजोबा शेजारी बसले नाहीत तर ती अंगठी घालून घेणार नाही. साडेनऊ झालेत. पोराकडची माणसं सांबऱ्याहून निघाली पण.

राजकुमार : आजोबा, धा मिनिटांचं काम हाय. फोम मारतो, दोन हात फिरवतो, वरनं एक छोटंसं फेशियल...

भीमसेन : फेशियल. चौतीस वर्षं पोस्टाची पिशवी घेऊन हे तोंड उन्हात वाळवलंय मी. आता त्याला चकाकी आणून कुणाला दाखवू? अन् त्यो डबा कशाचा? डास मारायचा?

राजकुमार : फोमचा. बटण दाबलं की फेस.

भीमसेन : अस्सं. मग त्यात तुझी कला कुठली? बटण दाबाय मला बी येतंय, डाव्या हातानं.

नीलम : आप्पा, पुरे.

भीमसेन : बरं, एक अट. ती खिडकीत माझी साबणाची वडी हाय, शेजारी ब्रश हाय. त्या वडीवर फेस करून दाव. झाला तर पुढचं बघू. न्हाय झाला तर चहा झालाच की तुझा.

राजकुमार : ही व्हय? ही तर दगड झालीया.

भीमसेन : नऊ दिवस तिला कुणी पाणी दावलं न्हाय. दगड न्हाय तर काय लोणी हुणार?

राजकुमार : एवढंच ना. वहिनी, जरा कडक गरम पाणी द्या.

नीलम : हे घ्या. गीझरचंच आहे.

राजकुमार : हां. आता बघा आजोबा, कसा येतोय. हे बघा. आला.

भीमसेन : ह्याला फेस म्हणत्यात? भांडी घासल्यावर मोरीत ऱ्हातंय ते हे. फुंकर मार बरं. मार की. बघ, गेला.

राजकुमार : साबण जुना झालाय.

भीमसेन : साबण जुना, आजोबा जुना, तू तेवढा नवा. अन् ब्रश दाबून काय घासतोयस? फरशी घासाय आलायस व्हय? शिकलास कुठं?

राजकुमार : बेळगावात सहा महिन्यांचा कोर्स केलाय. सर्टिफिकेट लावलंय दुकानात.

भीमसेन : मग फेस बहुतेक सातव्या महिन्याला असंल.

नीलम : हसू नये, पण हसले मी. माफ करा, राजकुमार.

राजकुमार : हसा वहिनी. दुकानात गिऱ्हाईक थांबल्यात, अन् मी हितं परीक्षेला बसलोय.

भीमसेन : नीलम, पाणी बाथरूमचं दिलंस न्हवं? म्हंजे बोअरचं. त्या पाण्यात आपली डाळ शिजत न्हाय, साबण काय फेसणार? नळाचं आण, पिण्याचं. कोमट कर. बोट घातलं तर चटका बसू नये.

नीलम : आणते. गेली सव्वीस वर्षं हेच करतेय या घरात.

भीमसेन : आलं पाणी. आता पोरा, वडीवर दोन चमचं सोड अन् गप बस.

राजकुमार : किती वेळ?

भीमसेन : चहा संपस्तवर. चहा दिलाय तो काय उगाच न्हाय. ब्रश बी भिजू दे तवर. झाला? आता ब्रश झटक. पिळू नको, झटक. वडीवर फिरव. हलकं. केस मोडू देऊ नको.

राजकुमार : काय येत न्हाय की.

भीमसेन : यील. आवाज ऐक. आधी खरखरतंय, मग आवाज बसतोय. बसला की ब्रशला सायीगत चिकटाय लागतंय.

राजकुमार : चिकटलं. व्हय, चिकटलं.

भीमसेन : मग वाटीत घे. बोटाच्या टोकानं पाणी सोड, एक थेंब. थेंब म्हटलं, आंघोळ न्हवं. फिरव. आता अजून एक थेंब.

राजकुमार : आयला. हे तर घट्ट व्हाय लागलं. बुडबुडा एक न्हाय. आजोबा, तुम्ही कुठं शिकलासा हे? आधी धंदा होता काय?

भीमसेन : धंदा न्हवं, नड. आमच्या गावात न्हावी एकच. उन्हाळ्याच्या तोंडाला पाटलाची म्हस भादरायचा, पण आमच्या गल्लीतल्या माणसाला शिवत न्हवता. म्हशीवरनं फिरवलेला वस्तरा चालायचा त्याला. आमच्यावरनं फिरवला असता तर बाटला असता.

नीलम : आप्पा, आजच्या दिवशी कशाला हे?

भीमसेन : त्यानं इचारलं, मी सांगतोय. माझा बाप जोतिराम, निपाणीत तंबाखूच्या वखारीत हमाल. एका बाजारला वस्तरा, ब्रश अन् साबणाची वडी घेऊन आला. पयल्या दिवशी स्वतःचाच कान कापून घेतला. मग जमलं. दर आयतवारी आमच्या अंगणात गल्लीतली बावीस माणसं बसायची. बाप वस्तरा धरायचा. मी बारा वर्षांचा, फेस करायचो. वडी एकच, म्हयनाभर पुरवायची. त्यो आमचा कोर्स. भिंतीवर लावाय काय मिळालं न्हाय.

राजकुमार : अन् त्यानंतर?

भीमसेन : बाप म्हणालता, भीमा, उद्या साहेब झालास तरी न्हाव्याच्या खुर्चीत बसू नको. न्हाय बसलो. बायको होती तवर केस तिनं कापलं, दाढी मी केली. आता डोक्यावर काय उरलं न्हाय, तो प्रश्न मिटला.

राजकुमार : गाव कुठलं म्हणालात?

भीमसेन : म्हणालोच न्हाय. वेदगंगेच्या काठचं. न्हाव्याचं नाव भरमा. ह्या गालावर चामखीळ होती, आन् लई तोरा.

नीलम : थांबलात का, राजकुमार?

राजकुमार : भरमा माझा आजा, वहिनी.

नीलम : अख्ख्या निपाणीत प्रेमानंदला हेच एक सलून सापडलं.

भीमसेन : तरीच. मघापासनं म्हणतोय, हे नाक कुठंतरी बघितलंय. काय रं, बरं हाय का सगळं? म्हशी काय म्हणत्यात पाटलाच्या?

राजकुमार : गाव सोडून पंचवीस वर्षं झाली आमाला. म्हशीचं ऐकलंतं बापाकडनं. हसत सांगायचा, आमी बी हसायचो. तुमच्या गल्लीचं कधीच कुणी सांगितलं न्हाय. मला खरंच लाज वाटाय लागलीया, आजोबा. आजाच्या वतीनं माफी मागतो.

भीमसेन : तू त्याच्या वतीनं मागणार, मी बापाच्या वतीनं देणार. मागणारा बी मेला, देणारा बी मेला. आपण दोघं कुठल्या हापिसातलं कारकून रं?

राजकुमार : मग माफी ऱ्हाऊ द्या. दाढी करू का तेवढं सांगा. तुम्ही व्हय म्हटल्याबिगर ब्लेड उघडत न्हाय. न्हाय म्हटलासा तर कप विसळून जातो.

भीमसेन : बघ, नीलम. न्हाय म्हणायचं काम आधी ह्यांच्याकडं हुतं. आता फिरत फिरत माझ्याकडं आलंय. लई गोड लागतंय गं.

नीलम : मग म्हणा नाही. आणि आरोहीला फोनही तुम्हीच करा. मी करणार नाही. सव्वीस वर्षं झाली मला या घरात येऊन. रोज तुम्हाला खिडकीत फेस करताना बघते, आणि तो कुठून आला ते मला आज कळतंय. वाईट वाटलं मला, आप्पा.

भीमसेन : सांगण्याजोगं काय हुतं त्यात? अन् बापाचा शब्द हाय. सहज मोडता येत न्हाय.

नीलम : ते काय म्हणाले होते? न्हाव्याच्या खुर्चीत बसू नको. ही खुर्ची न्हाव्याची नाही, आपली आहे. व्हरांडाही आपलाच. हप्ते मी फेडलेत.

भीमसेन : कॉलेजात पोरांना हेच शिकवतीस व्हय? फाटं फोडायला?

नीलम : हो. पगार त्याचाच मिळतो.

भीमसेन : शिकलेली सून केली, ती माझीच हौस. वाटी आण रं हिकडं. जवळ आण.

राजकुमार : बघा. उलटी केली तरी पडत न्हाय.

भीमसेन : झालाय. पयल्या झटक्याला मला बी एवढा झाला न्हवता. आता उगंच बघत बसलो तर वाळंल. बावीस माणसांत एक वडी पुरवलेला माणूस मी, एवढा फेस मोरीत ओतवणार न्हाय माझ्यानं. लाव.

राजकुमार : लावू? नक्की?

भीमसेन : लेखी पायजे काय तुला?

(राजकुमार ब्रशनं गालावर फेस लावतो, मग ब्लेड उघडतो.)

राजकुमार : मान जरा मागं. टेकवा माझ्या हातावर, असू दे भार. हनुवटीला जखम हाय, तिथं हळू घेतो.

भीमसेन : हात हलका हाय तुझा. हे मातूर कोर्समधलं न्हवं.

राजकुमार : बोलू नका, कापंल.

भीमसेन : माझ्या बापानं जल्मभर दुसऱ्यांच्या दाढ्या केल्या. त्याची मान धरून हळू घेतो म्हणायला कोण न्हवतं. त्याला बसवाय पायजे हुतं हितं, माझ्या आधी.

नीलम : आप्पा, डोळ्यात साबण गेला का? थांबा, रुमाल आणते.

भीमसेन : साबण न्हाय गं. रडतोय मी. तू चालव रं, थांबू नको.