पांढऱ्या दोऱ्याची पुडी

(दवाखान्यामागची खोली. सासू खलबत्ता पुसते आहे. डॉक्टर सून टेबलापाशी.)

सून : आई, जरा बसा. ऐकायला बरं वाटणार नाही.

सासू : उभ्यानेही ऐकू येतं मला. बोल.

सून : लाल दोऱ्याच्या पुडीत तुमची डाळिंबाच्या मुळाची साल, पांढऱ्या दोऱ्याच्या पुडीत नुसतं रंगवलेलं पीठ. निम्म्या रोग्यांना ही, निम्म्यांना ती. असंच ना?

सासू : आपलं ठरलं तसंच होतं ते.

सून : दोन्हीकडच्या लोकांचे जंत सारखेच पडले. अगदी डोक्यासकट. मी एकेक भिंगाखाली पाहिलाय.

सासू : मग चांगलंच झालं की. डोकं आत राहिलं तर पट्ट्यासारखा जंत पुन्हा वाढतो, असं तूच म्हणालीस.

सून : रोग्यांचं चांगलं झालं. तुमच्या सालीचं नाही. पीठ खाऊनही जंत पडत असेल, तर साल हवी कशाला? वरून सगळ्यांना एरंडेल दिलं होतं, म्हणजे गुण त्याचाच. साल द्यावी का, हे मोठ्या इस्पितळानं विचारलंय; उद्या त्यांना तसं कळवावं लागेल.

सासू : काय कळवशील?

सून : सालीचा काही उपयोग नाही. मग तिथं ती कुणी देणार नाही. आणि इथंही मी तुम्हाला देऊ देणार नाही.

सासू : एवढ्यावरच?

सून : मला काय आनंद होतोय? सकाळपासून जेवण गेलेलं नाही. पण पिठानं एवढी माणसं बरी व्हावीत, हे पचतही नाही. थांबा, पांढऱ्या दोऱ्याची एक पुडी उरलीय. चाखून बघते.

सासू : राहू दे.

सून : पीठच तर आहे.

सासू : राहू दे म्हटलं ना. तुरट लागेल.

सून : आई!

सासू : हं.

सून : सगळ्याच पुड्यांत साल भरलीत?

सासू : सगळ्याच.

सून : अहो, केलेल्या कामावर पाणी फिरवलंत! का पण?

सासू : ती शिवणकामवाली आली. अंगात त्राण नाही, माझा हात धरून म्हणाली, तुमच्या औषधाच्या आशेवर आलेय. तिला पीठ बांधून देऊ? फसवायचं कसं हे तुमच्या कॉलेजात शिकवत असतील, मला नाही जमत.

सून : कुणाला फसवत नव्हतो. पीठ मिळू शकतं हे सांगूनच प्रत्येकाची संमती घेतली. पीठवाल्यांना शेवटी मी जंताची गोळी देणारच होते. तीसुद्धा हो म्हणाली होती.

सासू : तू बोलतेस तेव्हा सगळं पटतं गं. समोर माणूस येऊन बसला की पटेनासं होतं.

सून : आता इस्पितळाला खरं सांगायला हवं. चाचणी वाया गेली म्हणून.

सासू : माझ्यामुळे गेली म्हणून सांग.

सून : सांगणारच आहे. हट्टी सासू आहे, हेही सांगेन. आता पुन्हा पहिल्यापासून. या वेळी पुड्या मी बांधणार, कुठल्या पुडीत काय ते तुम्हाला कळणार नाही.

सासू : आणि गुण खरंच एरंडेलाचा निघाला तर?

सून : तर साल बंद. तेव्हा रुसायचं नाही.

सासू : रुसतेय कशाला. माझ्या सासूनं दिली म्हणून मी देत आले. मला तरी खात्री कुठे होती? बांध तू पुड्या. एकदाचं कळू दे.